काहीही करू नकोस, असा हुकूम

जुन्या बाजारात रविवारी जाताना मी दोन वस्तू खिशात ठेवतो: सुटे पैसे आणि भिंग. गंजके पाने, पितळी कड्या आणि मुके झालेले रेडिओ ओलांडून पुढे गेलं की एकजण गोणीत भरलेले सर्किट बोर्ड घेऊन बसतो. तो किलोवर विकतो. मी एकच बोर्ड मागितला तर म्हणाला, "साहेब, सोनं असतं यात." खोटं नाही. कनेक्टरच्या कडांना मुलामा असतो आणि तो उतरवून घेणारी माणसं शहरात आहेत. मला मात्र त्या बोर्डावरची चाळीस पायांची काळी चिप हवी होती. भिंगाखाली अक्षरं दिसली: आर ६५०२, आणि खाली ८४३७. म्हणजे ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर, संगणकाचा मेंदू, १९८४ सालच्या ३७ व्या आठवड्यात बनलेला. पन्नास रुपयांत सौदा झाला.

पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या माझ्या पिढीची मायक्रोप्रोसेसरशी ओळख झाली ती इंटेलच्या ८०८५ च्या किटवर. ६५०२ चं नाव फार तर परीक्षेपुरतं ऐकलेलं. पण नव्वदच्या दशकात घरोघरी जो टीव्ही गेम आला, कॅसेट फुंकून खोचायचा तो, त्याच्या पोटात याच चिपची भावंडं होती. १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी टीव्ही गेमसाठी रिको कंपनीने ६५०२ चाच गाभा घेतला, फक्त त्यातलं दशमान गणित बंद केलं. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. त्या उघडल्या तर चिप दिसतच नाही, डांबरासारखा काळा गोळा दिसतो. चिप त्याच्या खाली. काढून घेता येत नाही, हे माझं जुनं दुखणं.

ही चिप एवढी पसरली ती स्वस्त होती म्हणून. चक पेडल, बिल मेन्श हे अभियंते आणि त्यांचे काही सहकारी मोटोरोला सोडून एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत गेले आणि सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी ही चिप २५ डॉलरला विकली. तेव्हाच्या दराने साधारण दोनशे रुपये. मोटोरोलाच्या ६८०० या तशाच चिपला तेव्हा पावणेदोनशे डॉलरच्या आसपास पडत. प्रदर्शनाच्या मांडवात विक्रीला मनाई होती, म्हणून यांनी हॉटेलच्या खोलीत दुकान थाटलं. माल भरपूर आहे असं दिसावं म्हणून चिप बरणीत भरून ठेवल्या होत्या. त्यातल्या वरच्या तेवढ्याच चालत होत्या, हे पुढे पेडल यांनीच सांगितलं. महिनाभरात मोटोरोलाला आपली किंमत ६९ डॉलरवर आणावी लागली.

स्वस्ताईचं गणित नारळाच्या वड्यांसारखं आहे. ताटात वड्या थापल्या आणि त्यावर दहा खडे पडले असं समजा. ताटाच्या वीस मोठ्या वड्या पाडल्या तर दहा वाया जाऊ शकतात, म्हणजे निम्म्या. त्याच ताटाच्या ऐंशी छोट्या पाडल्या तर वाया जाणार दहाच, हातात सत्तर उरतात. ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात, तिच्यावरचे दोष हे ते खडे. ६८०० चा तुकडा सुमारे २९ चौरस मिलिमीटरचा होता, ६५०२ चा १६.६. शिवाय ज्या काचेच्या साच्यातून नक्षी छापायची त्यातली चूक दुरुस्त करायची हातोटी या मंडळींकडे होती. नाहीतर साच्यातला दोष म्हणजे प्रत्येक ताटात ठरलेल्या जागी खडा.

पण १९८४ ची चिप अजून जिवंत आहे का, हे बघायचं कसं? संगणक बांधा, मेमरी जोडा, प्रोग्रॅम लिहा, आणि चाललं नाही की दोष कुठे आहे ते शोधत बसा? जुन्या चिपचे शौकीन सोपी युक्ती करतात. ते चिपला सांगतात, काहीही करू नकोस.

६५०२ ला समजणाऱ्या ५६ आज्ञांमध्ये एक आज्ञा खरोखरच अशी आहे. तिचं नाव नॉप, आकडा २३४, शून्य-एकच्या (बायनरी) भाषेत १११०१०१०. प्रोसेसर पत्त्याच्या सोळा तारांवर एक पत्ता मांडतो, तिथे काय लिहिलंय ते डेटाच्या आठ तारांवरून वाचतो, सांगितलेलं करतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. आपण मेमरी जोडायचीच नाही. त्या आठ तारा एक हजार ओहमच्या रेझिस्टरांनी कायमच्या १११०१०१० ला बांधून ठेवायच्या. बिचारी चिप कुठल्याही दारावर टकटक करो, आतून एकच उत्तर: काही करू नकोस, पुढे जा. आणि ती जाते. पत्ते एकेकाने वाढत राहतात.

सोळा तारांवर सोळा एलईडी लावले की ही मोजणी दिसते. (थेट लावू नयेत. ६५०२ च्या पायांत एलईडी पेटवण्याइतका जोर नसतो, मध्ये बफर, म्हणजे जोर वाढवणारी चिप, लागतो. पहिल्या वेळी मी हे विसरलो आणि चांगली चिप मेली समजून डब्यात टाकली.) चिपला चालवणारं घड्याळ सेकंदाला दहा लाख ठोक्यांचं, प्रत्येक नॉपला दोन ठोके, म्हणजे सेकंदाला पाच लाख पत्ते. एकूण पत्ते ६५,५३६. सगळी फेरी पाव सेकंदाच्याही आत संपते, आणि सर्वांत वरच्या तारेवरचा दिवा सेकंदाला साडेसात वेळा लुकलुकतो. खालचे इतक्या वेगाने फडफडतात की नुसते मंद पेटलेले वाटतात.

जुन्या बाजारातली चिप लुकलुकली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या पाटीवर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीच्या समोर. तिने चिपवर बोट ठेवलं. "मामा, ही गरम का? काहीच करत नाहीये ना?"

बरोबर बोट ठेवलं पोरीने. ही चिप एनमॉस पद्धतीची. तिच्या प्रत्येक दरवाजात, म्हणजे शून्य-एक ठरवणाऱ्या लॉजिक गेटमध्ये, विजेला वर ओढणारा एक भाग कायम चालू असतो. दरवाजाने शून्य धरलं की वरून येणारी वीज सरळ जमिनीत वाहते. म्हणून रिकामं बसायलाही वीज लागते आणि चिप कोमट राहते. पुढच्या सीमॉस पद्धतीत ट्रान्झिस्टरांची जोडी असते, एक उघडा असेल तेव्हा दुसरा बंद. वीज लागते ती मुख्यतः बदलताना. हे ठाऊक असलं की बोटच परीक्षक होतं. मागे एकदा भरपूर पैसे मोजून '१९८२ ची अस्सल' चिप मागवली होती. चालली, पण थंडगार. ॲसिटोनच्या बोळ्यावर सगळी छपाई उतरली आणि खालून ६५सी०२ असं वेगळंच, सीमॉस चिपचं नाव निघालं.

भाचीला मोजणी एकेक पायरीने बघायची होती. घड्याळ सेकंदाला एका ठोक्यावर आणलं, तर दिवे वेडेवाकडे पेटले आणि थांबले. चिप बिघडली नव्हती. या जुन्या रचनेत आतले आकडे इवल्याशा विद्युतभाराच्या रूपात साठवलेले असतात आणि तो भार पाझरतो, माठातल्या पाण्यासारखा. घड्याळाचा प्रत्येक ठोका माठ पुन्हा भरतो. ठोका लांबला की माठ कोरडा, आणि आपण कुठे होतो हे चिप विसरते.

मग खणातली नवी काढली. बिल मेन्श यांनी १९७८ मध्ये काढलेली वेस्टर्न डिझाइन सेंटर ही कंपनी ६५०२ चा सीमॉस अवतार आजही विकते, आणि त्याचं घड्याळ हवं तेवढं हळू करा, अगदी थांबवा, विसरत नाही. एक-दोन पायांची जोडणी बदलली आणि संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रीसेटचं बटण सोडलं. रीसेटनंतर चिप सुरुवातीचा पत्ता डेटाच्या तारांवरूनच वाचते. तिथे २३४ शिवाय काही नाही. तेव्हा २३४ गुणिले २५६ अधिक २३४, म्हणजे ६०,१३८ पासून सुरुवात. शेवटपर्यंत उरले ५,३९८ पत्ते, प्रत्येकाला दोन सेकंद. भाचीने कागदावर मांडलं: तीन तास.

जेवायला दोनदा हाक आली. ती ताट घेऊनच टेबलाशी आली. दहाला खालचे नऊ दिवे आपापल्या गतीने बदलत होते, वरचे सात स्थिर. दहा वाजून दहा मिनिटांनी सोळाच्या सोळा पेटले, दोन सेकंद तसेच राहिले, आणि एकदम सगळे विझले. मग सर्वांत खालचा एकटा लागला.