ग्लायफोसेट आणि मातीतले जिवाणू

‘तणनाशक मारलं की जमीन मरते’ हे वाक्य पारावर ऐकू येतं. ‘ते मातीला टेकलं की निकामी होतं’ हे कृषी सेवा केंद्रात. मला दोन्ही अर्धवट वाटतात, आणि का, ते ग्लायफोसेट या तणनाशकाकडे पाहिलं की छान कळतं.

फिनाइलअॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं वनस्पती ज्या साखळीतून बनवतात, तिला शिकिमेट मार्ग म्हणतात. त्यात ईपीएसपीएस नावाचं विकर (एन्झाइम) आहे. त्याच्या खाचेत आधी शिकिमेट-३-फॉस्फेट बसतं, मग शेजारी पीईपी हा रेणू येतो आणि दोघं जोडले जातात. ग्लायफोसेट नेमकी पीईपीची जागा अडवतं. विकर जखडतं, अलीकडे शिकिमेट साचतं, पलीकडे अमिनो आम्लं बनत नाहीत आणि बांधावरची हराळी पिवळी पडत जाते.

माणसात हा मार्ग नाही. मातीतल्या बहुतेक जिवाणूंत आणि बुरशींत मात्र आहे! म्हणजे ‘फक्त तणावर चालतं’ हे खरं नाही.

मग सगळे मरतात का? तसंही नाही. काही जिवाणूंच्या विकराची खाच किंचित वेगळी असते. तिथे पीईपी बसतं, ग्लायफोसेट नीट बसत नाही. स्युडोमोनास गटातले काही तर ग्लायफोसेटमधला कार्बन-फॉस्फरस बंध तोडून फॉस्फरस मिळवतात. शिवाय ग्लायफोसेट चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतं. स्फुरदही त्याच जागांना चिकटत असल्याने ते खत पडलं की थोडं ग्लायफोसेट सुटूही शकतं. शिफारशीच्या मात्रेत जिवाणूंचं एकूण प्रमाण बऱ्याच प्रयोगांत फारसं हलत नाही. बदलू शकतं ते त्यांच्यातलं आपापसातलं प्रमाण. ‘मेलेली जमीन जिवंत करणारं’ द्रावण कोणी विकायला आलं, तर नेमका कोणता जिवाणू मेला होता, हे त्याला जरूर विचारा.

१९९६ साली अमेरिकेत ग्लायफोसेट सोसणारं सोयाबीन आलं. त्यातला जनुक सीपी-४ नावाच्या अॅग्रोबॅक्टेरियमचा, आणि हा जिवाणू सापडला ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात. त्या जनुकामुळे झाड तगतं. पण पानावर पडलेलं ग्लायफोसेट अन्नरसाबरोबर मुळांच्या गाठींपर्यंत उतरतं, आणि तिथे हवेतला नत्र बांधणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमकडे मात्र जुनंच, सहज जखडणारं विकर असतं.