भिगवणला मुलांना घेऊन येताय? होडीत बसण्याआधी एवढं वाचा

भिगवणला उजनी धरणाच्या मागं साठलेल्या पाण्यावर आम्ही होडीतून पक्षी दाखवतो. दिवाळी सरली की आमचा फोन वाजायला लागतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फ्लेमिंगो आले का?" दुसरा प्रश्न होडीत बसल्यावर येतो, त्याच्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गर्दी असते, तेव्हा प्रत्येकाला नीट सांगणं होत नाही. म्हणून हे पत्रक. गाडीत येता येता कुणीतरी मोठ्यानं वाचा, मुलांनाही ऐकू द्या.

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, खोल पाण्यात चरत नाही. त्याला उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. पाऊस चांगला झाला की उजनी शंभर टक्क्यांच्या वर भरते आणि डिसेंबरातही पाणी काठच्या शेतांना टेकलेलं असतं. गाळ उघडाच पडला नाही तर रोहित उतरणार कुठं? कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं, खाली सोलापूरकडं नदीत पाणी सोडलं, की पाणफुगवटा हळूहळू मागं सरतो आणि मग थवे दिसायला लागतात. त्यामुळं नाताळची सुट्टी आणि फ्लेमिंगो यांचा मेळ दरवर्षी बसतोच असं नाही. आमच्या अनुभवात जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ जास्त भरवशाचा. उजनीची टक्केवारी पेपरात येते, तीवर नजर ठेवा. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन करा. पक्षी नसतील तर नाहीत असंच सांगू. चार माणसांचं पेट्रोल जाळून आलेलं कुटुंब निराश होऊन परतलं, तर आम्हालाही त्या दिवसाची भाकरी गोड लागत नाही.

रोहित नसले तरी पाणी रिकामं नसतं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब इथं हिवाळा काढतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, मुलांना ते लगेच ओळखता येतात. चक्रवाक, चमचा, शेकाट्या, चित्रबलाक, राखी बगळा, हळदी-कुंकू बदक, वारकरी हे तर रोजचेच. होडीत बसताना मुलांसाठी दहा पक्ष्यांच्या चित्रांचा कागद आणि पेन्सिल देतो. दिसेल त्यावर खूण करायची. त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्या मुलांच्या हातात हा कागद असतो, ती मोबाइल मागत नाहीत, हे आम्ही कित्येकदा पाहिलंय.

"काका, एकदा उडवा ना!"

हा तो दुसरा प्रश्न. आणि आमचं उत्तर दर वेळी "नाही" असतं, याचा काहींना राग येतो. तो का येतो, हे आम्हाला कळतं. बसलेला रोहित लांबून पांढराच दिसतो. पंख उघडले की आतला गुलाबी रंग आणि काळी किनार दिसते, आणि फोटो त्याचाच हवा असतो. पण उडवल्यावर काय होतं ते पाहा.

मागच्या फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या दोन होड्या थव्यापासून चांगल्या लांब थांबल्या होत्या. इंजिन बंद, बांबूनं हळूहळू सरकत होतो. तेवढ्यात एक तिसरी होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्यात घुसली. सगळा थवा उठला. दोन मिनिटं आकाश गुलाबी झालं, टाळ्या पडल्या, आणि थवा पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला. आमच्या होडीत सोलापूरहून आलेलं कुटुंब होतं, त्यांची धाकटी पाच वर्षांची. पाण्यावर येऊन तिला जेमतेम दहा मिनिटं झाली होती. थव्याच्या मागं जाण्यात पाऊण तास गेला, वारा सुटला, होडी हलायला लागली, पोरगी रडायला लागली. शेवटी परत फिरलो. ती फेरी फुकट गेली, आणि पैसे घेताना मान खाली आम्हाला घालावी लागली.

रोहित हा मोठा पक्षी आहे. त्याला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावर धावत पावलं टाकून मग उठावं लागतं. त्यात ताकद जाते, आणि एकदा बिथरलेला थवा त्या सकाळी पुन्हा जवळ येऊ देत नाही. म्हणजे दोन मिनिटांच्या उडण्यासाठी तुमची पुढची फेरी जाते, मागून येणाऱ्या चार होड्यांचीही जाते. दिवसभराचा सगळ्यात जास्त वेळ आमचा या एका गोष्टीपायी वाया जातो.

आता न उडवता काय दिसतं, तेही सांगतो. होडी थांबवून पंधरा मिनिटं गप्प बसलात, तर थवा चरत चरत स्वतःच थोडा पुढं सरकतो. मग मुलांना दाखवा: रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो. वरची बाजू खाली, खालची वर. चोचीच्या कडेला बारीक जाळी असते. जिभेनं पाणी आत ओढायचं, बाहेर सोडायचं, जाळीत अडकलेलं शेवाळ आणि बारीक किडे गिळायचे. त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो, म्हणून थव्यातली लहान पिल्लं करडी दिसतात. मधेच एखादा पायांनी गाळ तुडवत एका जागी गोल फिरतो, खालचं खाणं वर यावं म्हणून. लांबून तो नाचतोय असंच वाटतं. हे एकदा पाहिलेली पोरं घरी जाऊन चोच उलटी करून दाखवतात, असं आया फोनवर सांगतात. आणि थवे आपणहून उडतातही. फोटो तेव्हा मिळतो, थोडा धीर धरावा लागतो.

सीगलला शेव-फरसाण टाकणंही आमच्या होडीत चालत नाही. मोठ्यानं गाणी नकोत. ड्रोन नको.

वेळ. सूर्योदयाला धक्क्यावर असाल तर उत्तम, साडेसातपर्यंत ठीक. नऊ-साडेनऊनंतर वारा वाढतो, पाण्यावर ऊन लखलखतं आणि पक्षी लांब जातात. पुण्याहून अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. यवत, पाटस, कुरकुंभ असं सोलापूर महामार्गानं सरळ यायचं. चौफुल्याला नाश्त्याला थांबलेली मंडळी हमखास दहा वाजता पोचतात. नाश्ता इथं करा, होडीतून उतरल्यावर. लवकर उठणं जमणारच नसेल तर दुपारी चारनंतरची फेरी घ्या. अकरा वाजता येऊन कडक उन्हात बसू नका, मुलांना त्रास होतो. रेल्वेनं यायचं असेल तर पुणे-दौंड-सोलापूर मार्गावर भिगवण स्टेशन आहे. कोणत्या गाड्या थांबतात ते पाहून घ्या आणि आम्हाला आधी कळवा, स्टेशनवरून रिक्षा ठरवून देऊ.

होडीचा दर पूर्ण होडीचा असतो, माणशी नाही. म्हणून दोन कुटुंबं मिळून या, खर्च निम्मा होतो. सहाच माणसं बसवतो आणि कडेवरचं मूलही त्या सहात धरतो. "हा तर मांडीवर बसेल" असं म्हणू नका. मांडीवरच्या बाळालाही लाइफ जॅकेट लागतंच. लहान मापाची आमच्याकडं आहेत, पण मोजकी. म्हणून फोनवर मुलांची वयं सांगा, संख्या सांगून भागत नाही. दर पत्रकात छापलेला नाही, कारण इंधनाचा भाव बदलला की तोही बदलतो. धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिलेला असतो, सगळ्यांना तोच. घासाघीस करून आम्हाला अवघडवू नका.

पाण्यावर थंडी जास्त लागते. कानटोपी आणि स्वेटर घाला, पण आत साधा सदरा असू द्या, साडेआठला सगळं काढावं लागतं. लाल-पिवळे भडक कपडे टाळा. दुर्बीण नसेल तर मागा, दोन आहेत, भाडं नाही. आणि चढण्याआधी मुलांना शौचालयात नेऊन आणा. ते घराच्या मागं आहे, स्वच्छ ठेवतो. अर्ध्या पाण्यातून होडी परत आणायची म्हणजे तुमची वीस मिनिटं गेली.

जेवण घरचं. ते होडीत बसायच्या आधी सांगा, म्हणजे उतरेपर्यंत भाकरी तव्यावर असते. माशांत चिलापीला काटे कमी आणि मोठे, मुलांना तीच द्या. मरळ महाग पडते, मिळेल तेव्हाच. शाकाहारींसाठी पिठलं, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. मुलांचं कालवण कमी तिखट वेगळं काढतो, फक्त आठवण करा. सगळं याच पाण्यातलं आणि आसपासच्या रानातलं. १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा आमच्या आजोबांची जमीन या पाण्याखाली गेली. वडील मासेमारीत आले आणि आम्ही तुम्हाला पक्षी दाखवतो. या पाण्याचं नीट राहिलं तरच आमचं नीट राहतं, म्हणून वर एवढं कडक लिहिलंय.

दुपार मोकळी असेल तर पैसे न घालवता करण्यासारखं बरंच आहे. भादलवाडीचा तलाव जवळच आहे, मोसमात काठच्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी काठावरूनच दिसतात. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतात, तिथं मात्र वनखात्याकडं आधी नोंदणी करून जा. पळसदेवचं पाण्यातलं देऊळ पाहायचंय असं बरेच जण म्हणतात. ते पाणी खूप उतरल्यावर उघडं पडतं, थंडीत त्यासाठी येऊ नका.

शेवटचं, गाडीबद्दल. गाडी वरच्या वडाखाली लावा आणि दोनशे पावलं चालत या. धक्क्याजवळची जमीन वरून वाळलेली दिसते, पण आत ओली असते. चाक रुतलं की शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि सकाळी तो उसाच्या फडात असतो.