लिफ्ट नवी करताना वजनाचा हिशेब चुकवू नका

जुन्या लिफ्टचा विषय निघाला की पहिली भीती हमखास दोराची असते: तो तुटला तर? वास्तविक अशा लिफ्टला सहसा तीन किंवा अधिक पोलादी दोर असतात. युरोपीय मानकांनुसार त्यातला प्रत्येक दोर आपल्या वाट्याच्या कमाल ताणाच्या किमान 12 पट ताण सोसणारा लागतो. त्यातूनही केबिन वेगाने खाली येऊ लागलीच, तर तिच्या चौकटीला बसवलेले सुरक्षा-जबडे बाजूच्या रुळांना घट्ट पकडतात. दोर सुटला तरी फलाट पडत नाही, हे अमेरिकी संशोधक एलिशा ओटिस यांनी 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्वतः फलाटावर उभं राहून दाखवलं होतं. आणि ‘लिफ्ट पडताना शेवटच्या क्षणी उडी मारली की माणूस वाचतो’ हा समज तर निखालस खोटा आहे. 15 मीटर पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर होतो. उडी मारून माणूस त्यातले जेमतेम 3 मीटर कमी करेल, तेही क्षण अचूक साधला तर.

जुनी लिफ्ट नवी करताना खरी काळजी घ्यायची ती पकडीची. बऱ्याच जणांना वाटतं, दोर एखाद्या ढोलावर गुंडाळला जातो आणि लिफ्ट वर येते. आजच्या बहुतेक दोराच्या लिफ्टमध्ये तसं नसतं. दोर पुलीवरून नुसता टाकलेला असतो. एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे केबिनला तोलून धरणारं वजन. पुली फिरते आणि केवळ घर्षणाच्या जोरावर दोर तिच्याबरोबर सरकतो.

एवढं वजन नुसत्या घर्षणावर कसं पेलतं? नाव धक्क्याला लावताना खलाशी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देतो आणि मग हलक्या हाताने ती धरून ठेवतो. इथेही तेच भौतिकशास्त्र आहे. पुलीवरच्या दोराचा इवलासा तुकडा घ्या. त्यातला ताण त्याला पुलीवर दाबतो. जितका दाब, तितकं घर्षण आणि जितकं घर्षण, तितका पुढच्या तुकड्यातला ताण जास्त असू शकतो. म्हणजे ताणाची वाढ ताणाच्याच प्रमाणात होते आणि अशी वाढ घातांकी असते. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी हे सूत्रात बांधलं: दोन्ही बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर जास्तीत जास्त e^(μα) इतकं असू शकतं. e म्हणजे सुमारे 2.718 हा स्थिरांक, μ म्हणजे दोर आणि पुली यांच्यातलं घर्षण किती हे सांगणारा घर्षणांक, α म्हणजे दोराने पुलीला घातलेल्या विळख्याचा कोन, रेडियनमध्ये. पुलीचा व्यास या सूत्रात येतच नाही, ही मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अर्धा वेढा म्हणजे α = 3.14. पोलादी दोर आणि बिडाची पुली यांच्यासाठी μ हिशेबात 0.1 धरतात. मग मर्यादा येते फक्त 1.37. ती वाढवण्यासाठी पुलीची खाच विशिष्ट आकाराची करतात आणि तिच्या तळाशी आणखी एक काप घेतात. दोर कडांवर दाबला जातो, प्रभावी घर्षणांक 0.19 च्या आसपास जातो आणि मर्यादा 1.8 होते.

आता एक उदाहरण. रिकामी केबिन 800 किलो, क्षमता 630 किलो. काउंटरवेट साधारणपणे रिकाम्या केबिनच्या वजनात क्षमतेचा निम्मा भाग मिळवून ठरवतात, म्हणजे 1115 किलो. केबिन रिकामी असताना गुणोत्तर 1.39. लिफ्ट वेग घेताना किंवा थांबताना ते आणखी वाढतं. सेकंदाला 0.5 मीटर प्रति सेकंद या त्वरणाला सुमारे 1.54. मर्यादेच्या आत आहे, ठीक.

समजा, नूतनीकरणात दगडी फरशी, मोठा आरसा, जाड पॅनेल असं 150 किलो वजन वाढलं. पूर्ण भरलेली केबिन आणि काउंटरवेट यांतला फरक 315 किलोंवरून 465 वर जातो. मोटर आणि ब्रेक यांच्यावर जवळपास दीडपट ताण, तोही रोज. हे निदान लक्षात तरी येतं. उलटा प्रकार जास्त फसवा आहे. जुनी जड केबिन काढून 650 किलोंची हलकी बसवली आणि काउंटरवेटला हातच लावला नाही, तर रिकाम्या केबिनचं गुणोत्तर 1.72 होतं आणि वेग घेताना 1.9. मर्यादा 1.8 आहे. पुली आणि दोर एकमेकांवर घसरू लागतात. केबिन हलकी केल्याने लिफ्ट धोकादायक झाली!

पुली झिजलेली असेल तर हे आणखी आधी होतं. तळाचा काप झिजून नाहीसा झाला की मर्यादा 1.5 च्या जवळ उतरते. मग केबिनमध्ये काहीही न बदलता, मूळच्या 1.54 लाच लिफ्ट घसरते. पकड बेसुमार वाढवूनही चालत नाही. काउंटरवेट तळाच्या बफरवर, म्हणजे धक्का शोषणाऱ्या आधारावर, टेकल्यावरही पुली फिरत राहिली, तर दोर घसरलाच पाहिजे. नाहीतर केबिन छताकडे ओढली जाईल.

म्हणून आधुनिकीकरणाचा सल्लागार आधी मशिन रूममध्ये, म्हणजे मोटर आणि पुली असते त्या खोलीत, जायला हवा. रिकाम्या केबिनपासून पूर्ण भारापर्यंत टप्प्याटप्प्याने वजन ठेवून, वर जाताना आणि खाली येताना मोटरचा विद्युतप्रवाह मोजतात. या दोन्ही प्रवाहांचे आलेख जिथे छेदतात, तिथे दोन्ही बाजू समतोल असतात. साधी चाचणी, पण लिफ्टबद्दल सगळ्यांत जास्त सांगणारी. कंट्रोलर, दरवाजे, वेग बदलणारा ड्राइव्ह हे बदलायचंच असतं, त्यावर भरपूर बोललं जातं. मोबाइलवरून बोलावता येणारी ‘स्मार्ट’ लिफ्ट किंवा बिघाड आधीच ओळखणारी यंत्रणा यांच्या जाहिरातींनी मात्र भुलू नये. सेन्सरने झिजलेली खाच भरून निघत नाही.

ब्रेकही तपासा. रिकाम्या केबिनपेक्षा काउंटरवेट जड असतं, त्यामुळे ब्रेक निकामी झाला तर लिफ्ट वरच्या दिशेने सुसाट जाते आणि अनेक जुन्या लिफ्टमधले जबडे फक्त खाली जातानाच पकडतात. वर जाणारी केबिन रोखण्याची सोय आहे का, हा प्रश्न सल्लागाराच्या अहवालात असलाच पाहिजे. त्याबरोबर केबिनचं बदलापूर्वीचं आणि नंतरचं वजन, समतोलाची टक्केवारी (काउंटरवेट क्षमतेचा किती टक्के भार तोलतं), खाचेच्या झिजेचं मोजमाप आणि या सगळ्यांवरून काढलेलं ताणांचं गुणोत्तर. हा सल्लागार यंत्रं विकणाऱ्याकडून पैसे घेणारा नसावा, आणि त्याचं काम निविदा काढण्याआधी पूर्ण व्हावं. केबिनची सजावट ठरवून झाल्यावर काउंटरवेटचा विचार केला, तर काउंटरवेटच्या चौकटीत नवे ठोकळे बसायला जागाच नसते.