वाढदिवसाचा महिना आणि बीपीची गोळी

‘फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही.’ औषधांच्या खर्चाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. अग्रलेखात ते जरा नटूनथटून येतं: रुग्णानं थोडा तरी भार स्वतः उचलावा, म्हणजे अनावश्यक वापराला आळा बसेल. अर्थशास्त्रात याला ‘मॉरल हॅझर्ड’ असं नाव आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मार्क पॉली यांनी १९६८ साली वैद्यकीय विम्याच्या संदर्भात ते नेमकं मांडलं. विमा असला की उपचार स्वस्त पडतात, आणि स्वस्त पडले की माणूस गरजेपेक्षा जास्त घेतो.

सर्दीखोकल्याच्या बाटलीपुरतं मला हे पटतं. पण रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार अशा दुखण्यांच्या गोळ्या रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यायच्या असतात. तिथे हा विचार साफ चुकतो. तो चुकतो हे कसं कळलं, ती गोष्ट मला स्वतःला फार आवडते, कारण पुरावा सापडला तो माणसांच्या जन्ममहिन्यात.

आधी अडचण काय होती ते पाहू. औषध परवडत नाही म्हणून सोडणारी माणसं आणि नियमित घेणारी माणसं यांची नुसती तुलना करून भागत नाही. सोडणारा बहुधा गरीब असतो. त्याचं काम कष्टाचं, झोप अपुरी, घर दाटीवाटीचं. तो आधी गेला तर दोष गोळी चुकल्याचा की बाकी सगळ्याचा? उलट, आजार बळावला म्हणून नोकरी गेली आणि नोकरी गेली म्हणून औषध थांबलं असंही असू शकतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सोडवायचं तर एकसारख्या माणसांना निव्वळ नशिबानं वेगवेगळी किंमत मोजावी लागायला हवी.

रँड या संशोधन संस्थेनं १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेत नेमकं तेच केलं. जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळे विमे दिले. कुणाला सगळं मोफत, कुणाला खर्चाचा चौथा हिस्सा, कुणाला निम्मा, तर कुणाला एका ठरावीक मर्यादेपर्यंत ९५ टक्के स्वतःच्या खिशातून. पैसे मोजावे लागले तेव्हा लोकांनी उपचार कमी घेतले, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. मॉरल हॅझर्डवाले आजही हा निष्कर्ष पुढे करतात. त्याच प्रयोगातल्या आणखी दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. लोकांनी कपात केली ती उपयोगी आणि निरुपयोगी अशा दोन्ही उपचारांत जवळपास सारखीच. आणि जे गरीब होते, ज्यांना रक्तदाब होता, त्यांचा रक्तदाब मोफत योजनेत अधिक चांगला आटोक्यात राहिला. सरासरीच्या चादरीखाली हेच लोक झाकले गेले होते.

अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्याचा अनुभव तर सुन्न करणारा आहे. १९८१ मध्ये तिथल्या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेनं नियम काढला: महिन्याला फक्त तीन औषधांचे पैसे मिळतील. अकरा महिन्यांनी नियम मागे घेतला गेला. स्टीफन सूमराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या. साठीपुढच्या आणि बरीच औषधं चालू असलेल्या रुग्णांना कायमच्या देखभालीच्या संस्थेत हलवावं लागण्याचं प्रमाण न्यू जर्सी राज्यातल्या तशाच रुग्णांच्या तुलनेत या काळात जवळपास दुप्पट झालं होतं. नियम उठल्यावर औषधांचा वापर पूर्ववत झाला, नव्यानं संस्थेत जाण्याचा वाढीव धोकाही थांबला. पण जे एकदा तिथे गेले, ते बहुतेक घरी परतले नाहीत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा हिशोब त्यांनी वेगळा काढला. औषधांवर जितके वाचले, त्याच्या १७ पट रक्कम मानसोपचाराच्या तातडीच्या आणि इतर सेवांवर जास्त खर्च झाली. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, तो असा. औषधांचा खर्च एका खात्यात, रुग्णालयाचा दुसऱ्या, घरच्यांनी बुडवलेल्या कामाचा कुठल्याच खात्यात नाही. मग पहिल्या खात्याचा हिशोबनीस बचत झाली म्हणून आनंदात राहतो.

आता जन्ममहिन्याकडे येऊ. थोडा आकडेमोडीचा भाग आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे.

अमेरिकेत ६५ वर्षं पूर्ण झाली की मेडिकेअर ही सरकारी विमा योजना लागू होते. तिच्यात औषधांचा विमा २००६ पासून सुरू झाला. त्याची रचना विचित्र होती. वर्षभरात औषधांचा एकूण खर्च एका रकमेपर्यंत जाईस्तोवर विमा बराचसा भार उचलायचा. ती रक्कम ओलांडली की एकदम हात काढून घ्यायचा आणि रुग्णाला पूर्ण किंमत मोजावी लागायची. खर्च आणखी बराच वाढला की विमा पुन्हा मदतीला यायचा. मधल्या या खड्ड्याला तिथे ‘डोनट होल’ म्हणत. २००७ साली खड्ड्याचा काठ २,४०० डॉलरवर होता.

समजा, दोन माणसं आहेत. दोघांची ६५ वर्षं त्याच वर्षी पूर्ण होतात. दोघांना तोच आजार, त्याच गोळ्या. एकाचा वाढदिवस फेब्रुवारीत, दुसऱ्याचा सप्टेंबरमध्ये. दोघंही आपापल्या वाढदिवसाच्या महिन्यापासून योजनेत येतात. पण वर्ष मोजलं जातं डिसेंबरपर्यंतच, आणि २,४०० डॉलरची मर्यादा दोघांनाही पूर्ण मिळते. उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात ती कमी करायचं कुणी ठरवलंच नाही. फेब्रुवारीवाल्याला हे २,४०० डॉलर ११ महिने पुरवायचे, म्हणजे महिन्याला साधारण २१८. सप्टेंबरवाल्याला चारच महिने, म्हणजे महिन्याला ६००. डिसेंबर उजाडतो तेव्हा फेब्रुवारीवाला खड्ड्यात पडलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. माणसं तीच, रोग तोच. फरक फक्त आईच्या पोटातून बाहेर येण्याच्या महिन्याचा, आणि तो काही कुणी विम्याचे नियम वाचून ठरवलेला नसतो.

रँडला चिठ्ठ्या टाकायला कोट्यवधी डॉलर खर्चावे लागले. इथे नियम लिहिणाऱ्यांनी नकळत तोच प्रयोग लाखो लोकांवर करून ठेवला होता. अमिताभ चंद्रा, इव्हान फ्लॅक आणि झियाद ओबरमायर यांनी तो नोंदींतून हुडकून काढला.

निष्कर्ष असा. महिन्याला वाट्याला येणारी ही रक्कम १०० डॉलरनं कमी झाली की लोक औषधं कमी घेतात, आणि मृत्यूचं मासिक प्रमाण १३.९ टक्क्यांनी वाढतं. टक्केवारीनं अंगावर काटा येतो, म्हणून मूळ आकड्यांत सांगतो. एक लाख माणसांमागे महिन्याला साधारण ११८ मृत्यू होत असतील, तर त्यात १६ची भर पडते. आकडा छोटा वाटेल. पण दर महिन्याला, आणि निव्वळ जन्ममहिन्यामुळे!

इतका मोठा परिणाम पाहून कुणालाही शंका येईल की हा योगायोग तर नसेल? फेब्रुवारीत जन्मलेले मुळातच कमकुवत असतील तर? म्हणून संशोधकांनी तोच हिशोब साधारण तशाच, पण ही मर्यादा लागू नसलेल्या लोकसमूहांवर करून पाहिला. जिथे काहीच मिळायला नको, तिथे काही मिळतं का? अशी ५४४ उत्तरं काढली आणि खरं उत्तर त्या रांगेत कुठे बसतं ते पाहिलं. ते ९७.८ टक्के उत्तरांच्या वर बसलं. म्हणजे निव्वळ योगायोगानं इतका मोठा आकडा ५४४ पैकी जेमतेम डझनभर वेळा मिळाला. जन्ममहिन्यावरून भविष्य सांगणाऱ्यांनी कधी तरी ही कसोटी लावून पाहावी. महिन्याचा माणसाच्या नशिबाशी संबंध आहे असं म्हणायचं, तर तो कुठल्या मार्गानं पोचतो ते दाखवावं लागतं, आणि तो मार्ग बंद असलेल्या ठिकाणी संबंध गायब होतो हेही. इथे मार्ग औषधाच्या बिलातून जात होता. ग्रहांची गरज लागली नाही.

मला सर्वांत जास्त हलवून गेला तो या संशोधकांचा पुढचा शोध. पाठ्यपुस्तकाप्रमाणे खर्च वाढला की माणूस कमी गरजेचं आधी सोडतो. संगणकाच्या मदतीनं त्यांनी प्रत्येक रुग्णाला हृदयविकाराच्या झटक्याचा किती धोका आहे याचा अंदाज बांधला आणि कुणी किती कपात केली ते पाहिलं. ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांनीच कपात जास्त केली. अगदी उलट! कॅथरीन बेकर, सेंधिल मुल्लैनाथन आणि जोशुआ श्वार्ट्झस्टाइन यांनी २०१५ साली अशा वागण्यासाठी ‘बिहेवियरल हॅझर्ड’ हा शब्द मांडला. गरज नसताना घेणं हा एक धोका, आणि गरज असताना न घेणं हा दुसरा. किंमत वाढवल्यानं पहिला आटोक्यात येईलही, दुसरा बळावतो.

असं का होतं, ते गोळ्यांच्या डब्यात डोकावलं की कळतं. वेदनाशामक घेतलं नाही तर तासाभरात गुडघा बोलायला लागतो. बीपीची गोळी चुकली तर काहीच वाटत नाही. उद्याही नाही, परवाही नाही. कोलेस्टेरॉलची तर वर्षभर चुकली तरी शरीर तक्रार करणार नाही. मग पैसे कमी पडले की माणूस जिची उणीव जाणवत नाही ती गोळी सोडतो. किंवा सुरीनं दोन तुकडे करतो, एक आज आणि एक उद्या. त्यातल्या काही गोळ्या औषध हळूहळू सोडणाऱ्या असतात, दिवसभर पुरावं म्हणून खास बनवलेल्या. भलत्या जागी तुकडा पडला की दिवसभराचं औषध थोड्या वेळात रक्तात उतरतं.

आणि काही औषधं अचानक थांबवणं हाच मोठा धोका असतो. रक्तदाब आणि हृदयविकारासाठीच्या ‘बीटा ब्लॉकर’ औषधांचं उदाहरण पाहा. हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनॅलिनसाठी रिसेप्टर असतात, दारावरच्या घंटेसारखे. हे औषध त्या घंटा झाकून ठेवतं. हाक ऐकू येईना म्हणून पेशी कालांतरानं आणखी घंटा बसवतात. औषध घेत आहोत तोवर त्याही झाकलेल्या. एक दिवस गोळी थांबली की सगळं आवरण एकदम निघतं, घंटा पूर्वीपेक्षा जास्त, आणि ॲड्रेनॅलिन तेवढंच. हृदय धडधडू लागतं, रक्तदाब उसळतो, आधीच अरुंद झालेल्या धमनीवर ताण येतो. ही औषधं डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करतात ते यासाठी. लोक यालाच ‘गोळीची सवय लागते’ म्हणतात आणि त्या भीतीनं एका झटक्यात सोडून देतात. ‘मधुमेह मुळासकट बरा, गोळ्या कायमच्या बंद’ अशा जाहिराती नेमक्या याच भीतीवर पोसल्या जातात. त्यांच्या नादानं इन्शुलिन बंद केलेल्या माणसाला अतिदक्षता विभागात जावं लागतं तेव्हा जाहिरातदार तिथे नसतो. जन्ममहिन्याच्या त्याच संशोधनात ६५ वर्षांच्या लोकांना विचारलं होतं की महिनाभर औषध थांबलं तर काही गंभीर घडू शकतं का? हो म्हणणारे तिघांत एकच.

आतापर्यंत मृत्यूबद्दल बोललो, कारण तो मोजायला सोपा. जगण्यात काय बदलतं ते मोजणं अवघड, पण तिथेही काही सुंदर कामं झाली आहेत. व्हायॉक्स हे सांधेदुखीचं औषध हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. ते योग्यच झालं. पण नॉर्वेत सांधेदुखीच्या रुग्णांच्या आजारपणाच्या रजा तपासल्या तेव्हा दिसलं की औषध आलं तेव्हा रजा कमी झाल्या होत्या आणि गेल्यावर वाढल्या, १२ ते १६ टक्क्यांनी. कामाचे ते दिवस कुठल्याही औषधाच्या बिलात दिसत नाहीत. डेन्मार्कचं उदाहरण आणखी खोल जातं. तिथे बायपोलर या मानसिक आजारासाठी लिथियम या औषधाला १९७६ मध्ये मान्यता मिळाली. हा आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. त्यामुळे ज्यांची विशी मान्यतेनंतर आली आणि ज्यांची आधीच सरली, अशा रुग्णांच्या पुढच्या आयुष्यातल्या कमाईची तुलना करता आली. आजारामुळे कमाईत जी तूट येते, तिच्यातली सुमारे एक तृतीयांश तूट वेळेवर औषध मिळालेल्यांच्या बाबतीत भरून निघाली होती. पुन्हा जन्माची तारीखच, यावेळी सालाच्या रूपात.

आता उलट बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मीही जाहिरातदार ठरेन. ‘औषध मोफत द्या, प्रश्न मिटला’ हेही खरं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५,८५५ रुग्णांपैकी काहींना पुढची औषधं पूर्ण मोफत दिली, बाकीच्यांना नेहमीच्या दरानं. मोफत गटात नियमितपणे औषध घेण्याचं प्रमाण वाढलं, पण फक्त ४ ते ६ टक्के गुणांनी. विसरणं, कंटाळा, दुष्परिणाम, ‘मला काही झालेलंच नाही’ ही समजूत, हे सगळं किंमत शून्य झाली तरी उरतंच. त्यानंतरचा पहिला झटका किंवा शस्त्रक्रिया टाळण्याच्या मुख्य कसोटीवर दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. अशा घटनांची एकूण संख्या मात्र कमी झाली, आणि मोफत औषधं देऊनही एकूण खर्च वाढला नाही.

अमेरिकेतला तो खड्डा हळूहळू बुजवला गेला. २०२५ पासून तिथे नियमच बदलला आहे. मेडिकेअरमधल्या रुग्णानं औषधांसाठी वर्षभरात खिशातून ठरावीक रक्कम (२०२५ साली २,००० डॉलर) भरली की पुढची औषधं त्या वर्षापुरती मोफत. ही मर्यादाही पूर्ण वर्षाची आहे. ती गाठायला फेब्रुवारीत जन्मलेल्याला ११ महिने मिळतात आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेल्याला चारच. म्हणजे महागडी औषधं चालू असलेल्यांमध्ये डिसेंबरात आता फेब्रुवारीवाला मोफत बाजूला असण्याची शक्यता जास्त, आणि पैसे मोजत राहणारा बहुधा सप्टेंबरवाला. तराजू नेमका उलटा झाला आहे, आणि नोंदी जमा होत आहेत.