नायलॉनचा ब्रश आणि नवा सिंथेटिक: दिसायला भाऊ-भाऊ, गालावर मात्र वेगळे

दाढीसाठी सिंथेटिक ब्रश घे म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात, "छे रे, ते प्लास्टिक, गालाला टोचतं नुसतं". त्यांचंही खोटं नाही, कारण त्यांनी वापरलेला असतो तो जनरल स्टोअरमध्ये ब्लेडच्या पाकिटांशेजारी लटकवलेला नायलॉनचा ब्रश, आणि तो खरंच टोचतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे नवे सिंथेटिक ब्रश आलेत ती वस्तूच निराळी आहे, पण पाकिटावर दोघांच्याही 'सिंथेटिक' एवढंच छापलेलं असतं आणि तिथेच सगळा घोळ होतो.

आता फरक नेमका कुठे आहे? तर केसाच्या टोकाला. नायलॉनचा केस बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच जाडीचा आणि टोकाला सपाट कापलेला असतो, त्यामुळे त्वचेला लागतात त्या हजारो कापलेल्या कडा. नवे ब्रश बहुतेक पीबीटी नावाच्या पॉलिस्टरचे असतात आणि त्यांचं टोक निमुळतं केलेलं असतं. हे निमुळतं करायची पद्धत मला भारी वाटते, गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तंतूंची टोकं बुडवून ठेवतात, पॉलिस्टर अल्कलीत हळूहळू झिजतं आणि टोक बारीक होत जातं. नायलॉनला अल्कली फारसं काही करत नाही, म्हणून हा उपाय त्याला लागू पडत नाही. त्याची टोकं बारीक करायची तर वेगळी मेहनत लागते आणि एवढ्या स्वस्तातल्या ब्रशला तेवढे लाड कोण करणार.

दुसरं म्हणजे पाणी. नायलॉन स्वतः थोडं पाणी पितं आणि ओलं झालं की मऊ पडतं, म्हणजे कोरडा असताना काटे आणि ओला झाला की लोळागोळा. पीबीटी जवळजवळ पाणी पीतच नाही, त्यामुळे ओला असतानाही ब्रशला तोच ताठा राहतो. मग पाणी धरतं कोण, तर केसांमधली जागा. चांगल्या सिंथेटिकचे केस बुडाकडे जरा नागमोडी असतात, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मधल्या फटींत पाणी आणि फेस साठतो. नायलॉनचे केस सरळसोट, त्यात फेस धरायला जागाच नाही, मग तीनदा क्रीम घ्या आणि तरी तोंडावर पांढरं पाणी.

दुकानात ओळखायचं कसं? पुण्यात रविवार पेठेत होलसेलवाल्याकडे किंवा कुठेही ब्रश हातात मिळाला तर उजेडाकडे धरा आणि शेंड्याचे केस अंगठ्याने जरा बाजूला करा. टोकं धूसर, पिसासारखी बारीक दिसली तर नवा, आणि मासेमारीच्या दोरीसारखी चकचकीत एकसारखी दिसली तर नायलॉन. मग कोरडाच गालावर टेकवून बघा (दुकानदार बघेल तुमच्याकडे, बघू दे), तिथे खोटं चालत नाही. रंगावर मात्र जाऊ नका, पांढरा शेंडा-काळा पट्टा-पांढरं बूड असं बॅजर या जनावराच्या केसांच्या महागड्या ब्रशसारखं दिसायला दोन्ही प्रकार रंगवलेले मिळतात. आणि पाकिटावर 'प्युअर ब्रिसल' असेल तर तो सिंथेटिक नाहीच, बहुतेक वेळा डुकराचे केस असतात. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्या, आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की बाबांच्या ब्रशला कसले केस होते.

मापाचं म्हणाल तर गाठ, म्हणजे केसांचा जुडगा मुठीत जिथे बसतो तिथली त्याची जाडी, 24 मिमीच्या आसपास पुरे. 28-30 ची घेतली तर मिशीखाली आणि नाकाजवळ नुसता गोंधळ. किमतीत पन्नास-शंभरला नायलॉनच मिळणार, बरा सिंथेटिक काही शे रुपयांच्या पुढे. त्याच्याही पुढचे पैसे बहुतेक मुठीचे असतात, लाकूड, रेझिन, असलं काय काय. मुठीने दाढी होत नाही.

वापरण्यातही फरक आहे आणि इथे जुनी सवय नडते. बाबा लोक ब्रश मगात भिजत घालून मग दात घासायला जायचे, डुकराच्या केसांना ते लागतंच, ते पाणी पिऊन मऊ होतात. सिंथेटिकला भिजवायची गरज शून्य. नळाखाली ओला करा, हाताने हलका पिळा, दोन झटके मारा, झालं. हे झटके विसरलात तर फटींतलं सगळं पाणी दाबल्याबरोबर एकदम सुटतं आणि कोपरापर्यंत ओघळ येतो. क्रीम नखाएवढीच घ्या, हा ब्रश फेस स्वतःकडे ठेवून घेत नाही, गालावर देऊन टाकतो, म्हणून कमी क्रीममध्ये भागतं. घट्ट साबणाची वडी असेल तर त्यावर अर्धा मिनिट फिरवा, मग चेहऱ्यावर गोल गोल, आणि फेस कोरडा वाटला की फक्त शेंडे पाण्यात बुडवून पुढे चालू. फेटलेल्या दह्यासारखा झाला की थांबा, बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झालंय. आणि दाबू नका हो! सिंथेटिक स्प्रिंगसारखा परत उसळतो, जोरात दाबलात की आरशावर शिंतोडे, आणि रोज दाबलात तर गाठीच्या मधोमध खड्डा पडत जातो. शेंड्यांनी काम करायचं, शेवटी रंगारी मारतो तसे आडवे चार हात.

पुण्यात अजून एक भानगड म्हणजे पाणी. पेठांत महापालिकेचं धरणाचं पाणी येतं, तिथे साबण झकास फेसाळतो. तेच वाघोली-उंड्रीकडच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार होतो, फेस बसतो आणि लोक शिव्या देतात ब्रशला. तिथे वडीपेक्षा क्रीम बरी, किंवा दाढीपुरतं अर्धा मग आरओ फिल्टरचं पाणी घ्या. तो साका केसांच्या बुडाशीही बसतो, मग चांगला ब्रशसुद्धा राठ लागायला लागतो, तेव्हा मगभर कोमट पाण्यात चमचा-दोन चमचे व्हिनेगर टाकून पाच-दहा मिनिटं फक्त केस बुडवा आणि धुऊन टाका. उकळतं पाणी मात्र नको, केसांचा आकार बिघडू शकतो आणि बुडाचा गोंद सुटायची भीती.

पावसाळ्यात तर मी डोळे मिटून सिंथेटिकच म्हणेन. जुलैमध्ये बाथरूममध्ये टॉवेल वाळत नाही तिथे जनावराच्या केसांचा ब्रश कसला वाळतोय, दोन दिवसांत ओला वास मारतो. सिंथेटिक झटकून उभा ठेवला की पंख्याखाली लवकर सुकतो, उलटा टांगायला स्टँड वगैरे काही लागत नाही. घरातला जुना नायलॉनचा असेल तर धुऊन वाळवून कीबोर्डची धूळ काढायला ठेवा, त्या कामाला त्याचा ताठा एकदम फिट आहे.