शिकारी कुत्र्याचा जुना जीपीएस पट्टा ठाण्यात कसा येतो

ठाणे-नवी मुंबईत कुत्रा पाळणाऱ्यांकडे अधूनमधून एक वस्तू विकायला येते. भगवट नारिंगी पट्टा, त्यावर काळी डबी, डबीतून वर गेलेली लवचीक तार आणि सोबत जुन्या मोबाइलसारखा जाडजूड हँडसेट. बहुतेक वेळा अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून आलेली. ‘सिम लागत नाही, महिन्याचं भाडं नाही, जंगलातही चालतं’ असं विकणारा सांगतो आणि त्यात खोटं काही नसतं. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा ज्याने दोन दिवस शोधलाय, त्याला हे ऐकून मोह होणारच. पण सिम का लागत नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेत हाउंड जातीच्या कुत्र्यांनी केलेली शिकार मालकाच्या नजरेआड चालते. कुत्री वासावर सुटतात, दोन-तीन टेकड्या ओलांडतात, रॅकून किंवा अस्वल झाडावर चढवतात आणि खाली भुंकत बसतात. मालकाने आवाजावर जायचं. वारा उलटा असला की कुत्रं गेलं. १९६०च्या दशकात वन्यजीव अभ्यासक क्रेगहेड बंधूंनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ग्रिझली अस्वलांच्या गळ्यात रेडिओ ट्रान्समीटर बांधले आणि पुढे तीच युक्ती शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात आली. हा पट्टा फक्त ‘टिक टिक’ करायचा. जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा सांगाडा हातात धरून गोल फिरायचं, आवाज मोठा येईल ती दिशा. अंतर कळत नसे. दोन ठिकाणांहून दिशा घेऊन रेषा जिथे छेदतील तिथे कुत्रं असेल, असा अंदाज बांधायचा.

२००० साली दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी सुमारे शंभर मीटरपर्यंतचा घोळ असायचा, म्हणजे नाल्याच्या या काठाला की त्या काठाला हेही सांगता येत नसे. त्याच वर्षी तिथल्या दूरसंचार आयोगाने व्हीएचएफ या रेडिओलहरींमधले १५१ ते १५४ मेगाहर्ट्झ दरम्यानचे पाच चॅनेल दोन वॉटपर्यंत विनापरवाना वापरायला खुले केले. २००७ साली जीपीएस उपकरणं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीची ‘अ‍ॅस्ट्रो’ बाजारात आली ती या दोन्हींच्या खांद्यावर बसून. पट्टा उपग्रहांवरून जागा काढतो आणि दर काही सेकंदांनी ती व्हीएचएफवरून मालकाच्या हँडसेटला कळवतो. मधे टॉवर नाही, कंपनीचा सर्व्हर नाही.

जुन्या मालाचा बाजार यातूनच उभा राहिला. हाउंडवाल्याकडे एक कुत्रं नसतं, कळप असतो, आणि प्रत्येकाला वेगळा पट्टा, तोही शेकडो डॉलरचा. २०११मध्ये गार्मिनने कुत्र्यांना शिकवायचे इलेक्ट्रॉनिक पट्टे बनवणारी ट्राय-ट्रॉनिक्स विकत घेतली. त्यानंतर माग आणि शिकवण्यासाठी विजेचा झटका एकाच पट्ट्यात देणारी ‘अल्फा’ मालिका निघाली. अ‍ॅस्ट्रोचा डीसी ४० पट्टा अल्फाच्या हँडसेटला जोडता येत नाही. म्हणजे हँडसेट बदलला की जुने पट्टेही जाणार. दर पिढीला असे ढीग बाहेर पडले आणि सेकंडहँडला गिऱ्हाईकही मिळत गेलं, कारण ज्याच्याकडे जुना हँडसेट आहे त्याला जुनाच पट्टा हवा असतो. तिथला मुरलेला खरेदीदार नकाशा-बिकाशा बघत नाही. तो अँटेनाची तार बुडाशी वाकवून बघतो, कारण झुडपांत अडकून ती तिथेच तुटते. चार्जिंगच्या पितळी ठिपक्यांवर हिरवट थर आहे का ते पाहतो आणि बॅटरी रात्रभर चालू ठेवायला सांगतो. ही पारख मात्र इथेही उपयोगी पडेल.

बाकीचं गणित इथे जुळत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर आपल्याकडे हाउंडवाल्यासारखा हौशी शिकारी कायद्याने उरलाच नाही. जनावर हाकणं, त्याच्यासाठी सापळा लावणं हेही त्या कायद्यात शिकारच आहे, आणि गुन्ह्यात वापरलेली हत्यारं-साधनं सरकारजमा होतात. ससा-डुकरामागे कुत्री सोडणाऱ्याच्या हातात असा हँडसेट सापडला तर त्याने स्वतःच्याच मागावर पुरावा ठेवलाय म्हणायचं.

आपल्या भागात गळ्यातला पट्टा लोकांना माहीत झाला तो बिबट्यामुळे. २००९मध्ये कॉलर लावून माळशेजजवळ सोडलेला ‘आजोबा’ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आला. २०२१मध्ये त्याच उद्यानात सावित्री, महाराजा वगैरे पाच बिबट्यांना कॉलर लागल्या. पण ते वनखात्याचं आणि शास्त्रज्ञांचं परवानगीने चाललेलं काम. उद्यानालगतच्या येऊरच्या कडेला राहणाऱ्याचा कुत्रा हेही त्या बिबट्याचं भक्ष्य असतं, त्यामुळे कुत्र्याला पट्टा लावावा असं तिथल्या माणसाला वाटलं तर त्यात चूक काही नाही.

अडचण रेडिओची आहे. उपग्रहांचा सिग्नल ठाण्यातही फुकट मिळतो, पण अमेरिकेने खुले केलेले ते पाच चॅनेल भारतात खुले नाहीत. व्हीएचएफच्या याच परिसरात आपल्याकडे रेल्वेसारख्या यंत्रणांचे वॉकीटॉकी चालतात. विनापरवाना लहान उपकरणांसाठी आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा छोटा तुकडा राखलाय, आणि हा पट्टा त्यावर बोलत नाही. गार्मिन युरोपासाठीसुद्धा वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे बनवते. म्हणजे पट्टा कितीही चांगल्या कंडिशनमध्ये असला तरी तो इथे चालू करणं हेच बेकायदा. शिवाय घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये, जमिनीपासून दीड-दोन फुटांवरून निघालेला सिग्नल किती लांब जाणार? खोक्यावरचे नऊ मैल मोकळ्या माळावरचे आहेत. पट्ट्याच्या नावात ‘टीटी’ असेल तर तो झटकाही देतो. वेल्समध्ये २०१०पासून असे पट्टे बंद आहेत.

सिमवाले ट्रॅकर या कटकटीतून सुटतात, पण सेकंडहँड घेताना त्यांची वेगळी गोम आहे. फक्त ३जीवर चालणारा नग एअरटेलवर निरुपयोगी, कारण त्यांनी २०२०मध्ये ३जी बंद करून २जी ठेवलं. जिओवर २जी कधी नव्हतंच, त्यामुळे फक्त २जीवाला नग तिथे चालणार नाही. आणि कंपनीच्या अ‍ॅपला बांधलेला ट्रॅकर असेल तर आधीच्या मालकाने खात्यातून तो सोडवून दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. व्हिसल ही ट्रॅकर बनवणारी कंपनी ट्रॅक्टिव्ह या दुसऱ्या ट्रॅकर कंपनीने घेतली आणि २०२५च्या ऑगस्टअखेर व्हिसलचे सगळे ट्रॅकर बंद पडले. ते अजूनही कुणाच्या तरी बॅगेतून येतील, खोक्यासकट, नवेकोरे.