प्यादं एक घर, प्यादं दोन घरं: डी४ मागची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजाराकडच्या मराठी घरांत आजोबा नातवापुढे बुद्धिबळाचा पट मांडतात आणि वजिरापुढचं प्यादं एकच घर सरकवतात. क्लासला जाणारा नातू लगेच हरकत घेतो, "आजोबा, दोन घरं चालतं!" दोघंही बरोबर असतात. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जातं, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नसतो, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची अडीच घरं मारता येतात.

प्याद्याला दोन घरांची मुभा मध्ययुगीन युरोपात मिळाली. वजिरापुढचं पांढरं प्यादं दोन घरं गेलं की पोचतं ते घर म्हणजे डी४ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर लांब पल्ल्याचा झाला, आणि त्याच सुमाराच्या, बुद्धिबळावरच्या गॉटिंगेन हस्तलिखितात १.डी४ डी५ २.सी४ सापडतं. हाच क्वीन्स गँबिट: पांढरा सी४ चं प्यादं काळ्यापुढे देऊ करतो.

डी४ वरच्या प्याद्याला वजिराचा जोर पहिल्या खेळीपासून असतो, ई४ वरच्याला तो नसतो. म्हणून पांढऱ्याला मध्य सावकाश, पण पक्का बांधता येतो. सी४ चं प्यादं खाऊन ते राखायला गेलेला नवशिका हमखास फसतो (× म्हणजे मारणं, तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी): २...डी×सी४ ३.ई३ बी५ ४.ए४ सी६ ५.ए×बी५ सी×बी५ ६.वजीर एफ३. आता ए८ चा हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट द्यावाच लागतो.

१९२७ च्या कापाब्लांका-अलेखिन जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४ पैकी ३२ डाव क्वीन्स गँबिट नाकारून, म्हणजे सी४ चं प्यादं न खाता, झाले.

आपल्या दृष्टीने त्याहून मोलाचा डाव इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला, १९३०-३१ चा. देशी नियमांवर वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी कापाब्लांकाला ६५ खेळ्यांत हरवलं. सुरुवात घोडा एफ३ ने झाली, पण दुसऱ्याच खेळीला डी४ आलं. पाचवी खेळी बघा: ए३. प्यादं एकच घर पुढे, आणि काळ्या उंटाला बी४ चं घर बंद. घाई नाही, दिखावा नाही. हा धीर देशी पटावरच मुरलेला आहे, असं आमचं ठाम मत.

सिंगापूरला २७ नोव्हेंबर २०२४ रोजी जगज्जेतेपदाच्या तिसऱ्या डावात गुकेशने डी४ नेच सुरुवात केली. चौथ्या खेळीला त्याने डी५ वर मारामारी केली. प्रतिस्पर्धी डिंग लिरेनचा उंट लवकर बाहेर पडून सी२ वर गेला आणि तिथेच अडकला. पहिल्या ४० खेळ्यांना दोन तास होते, प्रत्येक खेळीमागे वाढीव सेकंद नव्हते. ३७ व्या खेळीला डिंगची वेळ संपली आणि तो हरला.